प्रवासातला लॅपटॉप : टिकतो तो का टिकतो?

लॅपटॉप घ्यायला दुकानात गेले, की दुकानदार प्रोसेसरचे नाव सांगतो, मेमरी किती ते सांगतो, पडदा किती इंची ते सांगतो. हेच यंत्र रोज एस.टी.ने, महिन्यातून दोनदा रेल्वेने आणि अधूनमधून मोटरसायकलच्या मागे बांधून नेले तर किती वर्षे टिकेल, हे मात्र त्याच्याजवळच्या माहितीपत्रकात कुठेच छापलेले नसते. प्रशिक्षण वर्ग घेणारे, विज्ञान मेळाव्यांना जाणारे, या शाळेतून त्या शाळेत प्रयोग दाखवत हिंडणारे अनेक शिक्षक आज लॅपटॉप जवळ बाळगतात. त्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न हाच आहे. दीडशे किलोमीटर जाऊन पोचल्यावर समोर शंभर मुले बसलेली आहेत आणि यंत्र सुरूच होत नाही, ही वेळ प्रोसेसर थोडा मंद असल्यामुळे कधी येत नाही.

लॅपटॉप कशाने बिघडतो यात गूढ असे फारसे काही नाही. बहुतेक कारणे माध्यमिक शाळेच्या पदार्थविज्ञानातच सापडतात. ती समजली की दुकानात काय पाहायचे ते बऱ्याच अंशी आपले आपल्यालाच कळते.

पडण्याचे गणित

समजा, १.४ किलोग्रॅम वजनाचा लॅपटॉप ७५ सेंटिमीटर उंच टेबलावरून फरशीवर पडला. फरशीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३.८ मीटर, म्हणजे रमतगमत चाललेल्या सायकलइतका असतो. त्याच्याजवळची गतिज ऊर्जा जेमतेम १० ज्यूल. एवढ्याशा ऊर्जेने यंत्र का मोडावे? याचे उत्तर ऊर्जेत नाही, थांबण्याच्या अंतरात आहे. ७५० मिलिमीटर अंतर पडताना जो वेग मिळाला, तो फरशीवर समजा २ मिलिमीटरमध्ये संपवायचा आहे. म्हणजे थांबतानाचे सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या ७५० भागिले २, म्हणजे ३७५ पट झाले. आतला १० ग्रॅमचा एखादा सुटा भाग त्या क्षणी आपल्या आधारावर पावणेचार किलोचा भार टाकतो. त्याला धरून ठेवणारे दोन बारीक स्क्रू हा भार सोसतील की नाही, यावर सगळे अवलंबून.

आता लॅपटॉपखाली २ सेंटिमीटर दाबला जाणारा स्पंज आहे असे समजा. भागिले २ च्या जागी भागिले २० येते आणि मंदन ३७ पटींवर उतरते. झेल घेताना हात मागे घेणारा क्षेत्ररक्षक आपण वर्गात शिकवतोच. हे तेच उदाहरण. म्हणून लॅपटॉप निवडण्याआधी त्याची पिशवी नीट पाहावी, असे मी म्हणेन. पुष्कळ पिशव्यांत लॅपटॉपचा कप्पा थेट तळाच्या शिवणीपर्यंत जातो. फलाटावर पिशवी टेकवली, की प्रत्येक वेळी लॅपटॉपची कडा जमिनीवर आदळते. एकदा टेबलावरून पडण्यापेक्षा दिवसातून दहा वेळा १० सेंटिमीटरवरून आदळणे जास्त घडते, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. कप्प्याचा तळ पिशवीच्या तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर लटकणारा असावा. हात आत घालून हे दुकानातच तपासता येते.

याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते. मजबूत म्हणजे जड, ही समजूत इथे फसवी ठरते. अडीच किलोचे यंत्र त्याच उंचीवरून पडले तर ऊर्जा जवळजवळ दुप्पट, आणि ती जिरवायला कोपरा मात्र तेवढाच. कोपरा चेपला तर हळहळ वाटते खरी, पण चेपता चेपता त्याने थांबण्याचे अंतरच वाढवलेले असते. पत्र्याचा कोपरा मात्र चेपलेलाच राहतो आणि कधी कधी झाकण मिटू देत नाही. तंतू मिसळलेले चांगले प्लास्टिक दबून पुन्हा मूळ आकारात येते. मॅग्नेशियमची मिश्रधातू ॲल्युमिनियमपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने हलकी असल्यामुळे तेवढ्याच वजनात कवच जाड करता येते. १९८२ सालच्या ग्रिड कंपास या घडी होणाऱ्या संगणकाचे कवच मॅग्नेशियमच्याच मिश्रधातूचे होते, आणि तो नासाच्या अवकाशयानातूनही जाऊन आला. चकचकीत ॲल्युमिनियमच्या यंत्रांना मी प्रवासासाठी पहिला क्रमांक देणार नाही.

हार्ड डिस्कचा प्रश्न आता नव्या यंत्रांत फारसा उरलेला नाही. त्यांत बहुधा एसएसडी, म्हणजे एकही फिरता भाग नसलेली साठवण असते. जुने यंत्र घेणाऱ्याने मात्र हे पाहायलाच हवे. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला सहसा ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर काही नॅनोमीटर अंतरावरून वाचक-शीर्ष तरंगत असते. अशी डिस्क चालू असताना साधारण ३५० ते ४०० पट मंदनाचा क्षणिक धक्का सोसेल असे उत्पादक सांगतात. आपले टेबलाचे उत्तर ३७५ आले होते, ते नेमके या सीमेवर. एसएसडीसाठी हाच आकडा १५०० च्या आसपास असतो. २००३ साली आयबीएमने थिंकपॅडमध्ये यावर एक सुंदर तोड काढली. आत त्वरणमापक बसवला. टेबलावरून पडायला ०.३९ सेकंद लागतात. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूतला त्वरणमापक शून्य दाखवतो, म्हणजे यंत्राला आपले वजनच जाणवेनासे होते. एवढी खूण मिळताच शीर्ष तबकडीवरून बाजूला घेतले जाई. भारहीनतेचे इतके घरगुती उदाहरण दुसरे मिळणे कठीण. जाता जाता : हार्ड डिस्कचे शीर्ष हवेच्या थरावर तरंगते, म्हणून अशा बहुतेक डिस्क सुमारे ३००० मीटर उंचीपर्यंतच चालवाव्यात असे सांगितलेले असते. सहल लेहला जाणार असेल, तर ते ठिकाण ३५०० मीटरवर आहे.

लष्करी शिक्का

अलीकडे मध्यम किमतीच्या लॅपटॉपवरही ‘मिल-एसटीडी-८१०’ असे अभिमानाने छापतात. हे अमेरिकी संरक्षण खात्याचे मानक १९६२ पासूनचे; ‘एच’ ही त्याची आवृत्ती २०१९ मध्ये आली. धक्का, कंपने, धूळ, उष्णता, उंची अशा दोन डझनांहून अधिक चाचण्या त्यात आहेत. त्यातली वाहतुकीत पडण्याची चाचणी शिक्षकांना आवडेल अशी आहे. वस्तू १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडतात. २६ च का? पेटीला पृष्ठे ६, कडा १२ आणि कोपरे ८. प्रत्येकावर एकदा.

पण या शिक्क्याचा अर्थ बेताने घ्यावा. यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या ते उत्पादक ठरवतो, आणि त्या स्वतः करतो किंवा प्रयोगशाळेकडून करवून घेतो. लष्कर दुकानातला लॅपटॉप तपासून प्रमाणपत्र देत नाही. शिवाय ही २६ पतने पाच नमुन्यांपर्यंत वाटून घेण्याची मुभा मानकातच आहे. तुमच्या हातातले एकच यंत्र २६ वेळा पडून टिकेल, असा त्याचा अर्थ होत नाही. कोणत्या चाचण्या, किती उंचीवरून आणि यंत्र चालू होते की बंद, ही माहिती कंपनी देत असेल तर शिक्क्याला किंमत. नाहीतर ती एक चिकटपट्टी. पॅनासोनिकचे १९९६ पासूनचे टफबुक यांसारखी खरोखर अशाच कामासाठी बनवलेली यंत्रे निराळी, आणि त्यांच्या किमतीही निराळ्या.

वाकणे आणि बिजागरी

पडण्यापेक्षा जास्त लॅपटॉप दाबाने आणि पिळाने जातात, असे दुरुस्ती करणाऱ्यांशी बोलल्यावर वाटते. गर्दीच्या पिशवीत चार्जरचा ठोकळा झाकणावर टेकतो. वरून कुणाचे कोपर दाबते. सगळे बल दोन-चार चौरस सेंटिमीटरवर एकवटते आणि आतली काच तडकते. पट्टी आडवी धरून वाकवा, मग उभी धरून वाकवून पाहा. जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो. म्हणूनच अतिशय पातळ यंत्राचा मोह प्रवास करणाऱ्याने आवरावा. लांबीचेही तसेच. तेवढ्याच बलाने वाकण्याचे प्रमाण लांबीच्या घनाप्रमाणे वाढते, त्यामुळे बाकी सगळे सारखे असेल तर १५.६ इंची यंत्र १४ इंचीपेक्षा सुमारे ३८ टक्के जास्त वाकेल. रोज हिंडणाऱ्याला १४ इंच पुरे.

दुकानात एक परीक्षा करता येते. पडदा चालू ठेवून झाकणाच्या पाठीवर मधोमध तळव्याने हलकेच दाबावे. चित्रावर लाटा उमटल्या तर झाकण फार लवचीक आहे. नंतर यंत्र एका कोपऱ्याशी धरून उचलावे. करकर असा आवाज येऊ नये. दुकानदार कपाळाला आठ्या घालील, घालू द्यावात.

बिजागरी ही स्वस्त लॅपटॉपची सर्वांत दुबळी जागा. बिजागरीचे स्क्रू पितळी बोंड्यांत बसतात आणि त्या बोंड्या प्लास्टिकमध्ये दाबून बसवलेल्या असतात. झाकण ही मोठी तरफ आहे. ते एका कोपऱ्याने उचलले की सगळा पीळ एकाच बाजूच्या बोंड्यांवर येतो, आणि वर्षा-दोन वर्षांत त्या प्लास्टिकसकट उपटून येतात. धातूच्या चौकटीत घट्ट बसवलेली बिजागरी पाहावी. आणि यंत्र कितीही चांगले असले तरी झाकण मधोमध धरून उघडावे.

ऊन, पाऊस, धूळ

बहुतेक उत्पादक आपल्या यंत्राला भोवतालचे तापमान ३५ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत चालेल असे सांगतात. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे हवाच ४४-४५ अंशांवर असते. अशा वेळी प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी मंद चालतो. महागडा वेग तिथे उपयोगी पडत नाही. उन्हात उभ्या बंद गाडीत तर लॅपटॉप ठेवूच नये, कारण उष्णतेने सर्वांत आधी बॅटरी म्हातारी होते. पंखा नसलेली, कमी ऊर्जा खाणारी यंत्रे धुळीच्या भागात फार बरी, कारण धूळ ओढून घेणारेच त्यांत काही नसते.

कोकणात प्रश्न निराळा. जुलैमध्ये ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंशांवर येतो. वातानुकूलित डब्यात २२ अंशांपर्यंत गार झालेला लॅपटॉप रत्नागिरीला उतरताच उघडला, तर थंड पेल्यावर जमते तसे पाणी त्याच्यावर, आणि आतही, जमू लागते. पिशवी अर्धा-पाऊण तास बंदच ठेवली, की यंत्र सावकाश गरम होते आणि हा प्रसंग टळतो. काही यंत्रांच्या कीबोर्डखाली सांडलेले पाणी बाहेर काढणाऱ्या वाटा असतात. चहा सांडल्यावर यंत्र बंद करण्याइतका वेळ त्यांच्यामुळे मिळतो, अधिक काही नाही.

बॅटरी आणि चार्जर

बॅटरीची क्षमता वॅट-तासांत पाहावी. ५० वॅट-तासांची बॅटरी आणि ८ ते १० वॅट खाणारे यंत्र म्हणजे नवेपणी पाच-सहा तास. काहीशे वेळा भरल्यावर क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास उतरणे स्वाभाविक आहे. यंत्रात ८० टक्क्यांवर भरणे थांबवण्याची सोय असेल तर घरी ती वापरावी. विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी चालते, पण सुटी बॅटरी हातातल्या सामानात न्यावी लागते.

चार्जर यूएसबी-सी प्रकारचा असावा, याबद्दल मी आग्रही आहे. आडगावी चार्जर विसरला किंवा जळला तर खास टोकाचा चार्जर मिळत नाही. ६५ वॅटचा, म्हणजे २० व्होल्टला ३.२५ अँपिअर देणारा यूएसबी-सी चार्जर कुणाकडून तरी मागून आणता येतो. युरोपीय संघाने नव्या लॅपटॉपना ही खाच २८ एप्रिल २०२६ पासून सक्तीची ठरवली.

नवा की वापरलेला?

पैसे बेताचे असतील तर नव्या स्वस्त यंत्रापेक्षा कार्यालयांतून तीन-चार वर्षांनी बाहेर पडलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक मालिकेतले यंत्र मी निवडीन. या मालिका रोज ने-आण करणाऱ्यांसाठीच आखलेल्या असतात. बऱ्याच नमुन्यांत तळ साध्या स्क्रूंनी उघडतो, बॅटरी, एसएसडी आणि काहींत मेमरीही बदलता येते, आणि सुटे भाग मोठ्या शहरांत मिळतात. मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र लिनक्सवर चालवण्याची तयारी असेल तरच घ्यावे. बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता विंडोजच्या अहवालात दिसते. पैसे देण्यापूर्वी तो अहवाल काढून घ्यावा.

एवढे करूनही एखादे दिवशी यंत्र बंद पडेलच. एसएसडी तर बहुधा काही कुरकुर न करता अचानक जाते. समजा, वर्षभरात लॅपटॉप हातचा जाण्याची शक्यता २० त १ आणि पेनड्राइव्हची तेवढीच आहे. दोन्ही जाण्याची शक्यता ४०० त १. पण हा गुणाकार दोन्ही घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच करता येतो. पेनड्राइव्ह लॅपटॉपच्याच पिशवीत असेल आणि पिशवीच गाडीत राहिली, तर शक्यता पुन्हा २० त १ वर येते. तो खिशात ठेवावा, आणि तिसरी प्रत घरी.