ओक्लाहोमा सिटी बाँबस्फोट खटला

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील संघीय न्यायालयात १९९७ मध्ये चाललेला गाजलेला फौजदारी खटला. १९ एप्रिल १९९५ रोजी सकाळी ओक्लाहोमा सिटी येथील ॲल्फ्रेड पी. मरा या संघीय कार्यालयांच्या इमारतीसमोर स्फोटकांनी भरलेल्या मालमोटारीचा स्फोट होऊन १६८ माणसे ठार झाली. त्यांत १९ मुले होती. मोटारीच्या ॲक्सलवरील क्रमांकावरून ती भाड्याने घेणाऱ्याचा माग लागला. माजी सैनिक टिमथी मॅक्व्हे (१९६८–२००१) त्यापूर्वीच, गाडीला क्रमांकपट्टी नसल्याच्या किरकोळ कारणावरून, अटकेत होता.

मृत १६८ असूनही मॅक्व्हेवर खुनाचे आरोप आठच ठेवण्यात आले. खून हा तेथे सामान्यतः घटक राज्याच्या कायद्याखालील गुन्हा होय (भारतात यासंबंधीचा कायदा देशभर एकच आहे). संघीय अधिकाऱ्याची हत्या, संघीय मालमत्तेचा नाश अशा ठरावीक गुन्ह्यांपुरतीच संघशासनाची अधिकारिता असते. मृतांपैकी आठ जण संघीय अन्वेषण व सुरक्षा यंत्रणांतील अधिकारी होते. त्यांच्या खुनांखेरीज कट, सामूहिक संहाराच्या अस्त्राचा वापर व इमारतीचा नाश असे तीन आरोप होते. इतरांचे मृत्यू या आरोपांचे परिणाम म्हणूनच विचारात आले. नातलगांना ही विभागणी समजणे कठीणच होते.

ओक्लाहोमात निःपक्षपाती ज्यूरी मिळणार नाही, असे ठरवून न्यायाधीश रिचर्ड मॅच यांनी फेब्रुवारी १९९६ मध्ये खटला कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर येथे हलविला. संघीय फौजदारी न्यायालयात कॅमेऱ्यास मनाई असते. तथापि काँग्रेसने १९९६ मध्ये केलेल्या कायद्यामुळे पीडितांना ओक्लाहोमा सिटीत बंदिस्त दूरचित्रवाणीवर कामकाज पाहता आले.

२ जून १९९७ रोजी ज्यूरीने मॅक्व्हेस अकराही आरोपांत दोषी ठरविले व १३ जून रोजी देहदंड सुचविला. ११ जून २००१ रोजी इंडियाना राज्यातील टेरे होट येथे त्याची अंमलबजावणी झाली. १९६३ नंतरचा हा पहिलाच संघीय देहदंड. साथीदार टेरी निकल्स याला स्वतंत्र खटल्यात कटाबद्दल जन्मठेप झाली. त्या आठ अधिकाऱ्यांच्या बाबतीत मात्र ज्यूरीने त्याला खुनाऐवजी मनुष्यवधाच्या सौम्य गुन्ह्याबद्दलच दोषी धरले.

संघ व घटक राज्य ही अमेरिकेत वेगळी सार्वभौम सत्ताकेंद्रे मानली जात असल्याने एकाच कृत्याबद्दल दोघांनाही खटला भरता येतो. त्यानुसार ओक्लाहोमा राज्याने निकल्सवर उरलेल्या १६० व्यक्ती आणि एक गर्भ यांच्या खुनांचा खटला चालविला. २००४ मध्ये तो दोषी ठरला. शिक्षेबाबत ज्यूरीचे एकमत न झाल्याने त्याला एकामागून एक भोगावयाच्या १६१ जन्मठेपा देण्यात आल्या.