डब्यावर ५००० वॉट, मग घरी आणल्यावर स्टिरिओ ढप्प का वाजतो?

दुकानात लावला तेव्हा छातीत धडधड जाणवत होती. घरी आणला, हॉलमध्ये मांडला, बाबांच्या आवडीचं भावगीत लावलं आणि दोन मिनिटांत बाबा म्हणाले, "अरे, गाण्यातले शब्द का कळत नाहीयेत?"

झालं असं होतं की, बाबा रिटायर झाले म्हणून आम्ही दोघा भावंडांनी पैसे काढून आठ हजारांचा छोटा स्टिरिओ घेतला. दोन स्पीकर, मध्ये एक डबा, ब्लूटूथ, एफएम, पेनड्राईव्ह, सगळं होतं. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, ५००० वॉट. पंधरा दिवसांत बाबा परत मोबाईलच्या स्पीकरवर गाणी ऐकायला लागले. आठ हजार रुपये शोकेसमध्ये धूळ खात बसले.

तेव्हा विषयाच्या मुळाशी जायचं ठरवलं. सुरुवात अर्थातच त्या ५००० वॉटपासून.

या आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात पीएमपीओ असं लिहिलेलं असतं. पीएमपीओ म्हणजे एखाद्या क्षणी, आदर्श परिस्थितीत, यंत्र जास्तीत जास्त किती ताकद काढू शकेल याचा कंपनीने स्वतःच मांडलेला हिशेब. तो कसा मोजायचा याचा सर्वमान्य नियमच नाही. त्यामुळे एकाच ताकदीच्या दोन स्टिरिओंवर एक कंपनी ५०० लिहू शकते आणि दुसरी ५०००. अमेरिकेत अशाच फुगवलेल्या आकड्यांना आवर घालायला तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली ॲम्प्लिफायरच्या ताकदीची जाहिरात कशी करायची याचा नियम काढला होता. म्हणजे ही थापेबाजी फक्त आपल्याकडची नाही आणि आजची तर अजिबात नाही.

आपण बघायचा तो आकडा आरएमएस. सलग, न थांबता मिळणारी ताकद. तोही सापडत नसेल तर डब्याच्या मागचं स्टिकर बघा. तिथे यंत्र किती वॉट वीज खातं ते लिहिलेलं असतं. आमच्या ५००० वॉटवाल्या पठ्ठ्याच्या मागे ४० वॉट लिहिलं होतं. घरातला मिक्सरसुद्धा पाचशे-साडेसातशे वॉट खातो. आत साठवलेल्या विजेवर एखाद्या ठोक्यापुरती जास्त ताकद निघू शकते, पण चाळीस खाऊन पाच हजार द्यायला ते काही अक्षयपात्र नाही.

आता गंमत अशी की, खरे वॉटसुद्धा आपल्याला वाटतात तितके महत्त्वाचे नसतात. कानाला आवाज दुप्पट वाटायचा असेल तर ताकद साधारण दहापट लागते. वीस वॉटच्या जागी पंचवीस वॉट घेतले तर फरक जेमतेम एक डेसिबलचा पडतो आणि तो बहुतेकांना जाणवतही नाही. त्यामुळे दोनतीन हजार जास्त घालून पाच वॉट वाढवण्यात काही राम नाही.

मग दुकानात तो इतका भारी का वाजला? तर आपला कान जरा भोळा असतो म्हणून. १९३३ साली बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं की आवाज कमी असताना आपल्याला खालचे, म्हणजे बासचे सूर फारच कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की तेच सूर भरून येतात. म्हणून कुठलाही स्टिरिओ मोठ्याने लावला की जास्त भरदार वाटतो. दोन मॉडेल शेजारी ठेवून एक किंचित मोठ्याने वाजवलं तर गिऱ्हाईक हमखास त्याच्याकडे बोट दाखवतं, आणि त्याला वाटतं आपण क्वालिटी ओळखली. त्यात बास बूस्टचं बटण दाबलेलं असतंच.

डोळेही फसवतात. १९९४ मध्ये हरमन कंपनीतल्या फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी चाळीस कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवले. आधी पडद्याआड लपवून आणि नंतर समोर ठेवून. स्पीकर दिसायला लागल्यावर मोठ्या, महागड्या स्पीकरचे मार्क वाढले. ही सगळी माणसं स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतलीच होती, हे विशेष. तर तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर उभं राहून चमचमणाऱ्या निळ्या लाईटवर भाळलो म्हणून आपण फार वाईट वाटून घ्यायला नको.

मग पारखायचं कसं? पहिली गोष्ट, दुकानदाराचं गाणं ऐकू नका. ते त्या यंत्रावर चांगलं वाजतं म्हणूनच लावलेलं असतं. स्वतःच्या फोनमध्ये शंभर वेळा ऐकलेली तीनचार गाणी न्या. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली नकोत, ती आधीच दाबून दाबून चोथा झालेली असतात. फोनमधला इक्वलायझर बंद करा, स्टिरिओचं बास बूस्ट बंद करा आणि दोन्ही मॉडेलचा आवाज अंदाजाने सारखा करून घ्या.

सगळ्यात आधी माणसाचा आवाज ऐका. बातम्या लावल्या तरी चालतील. माणसाचं बोलणं आपण जन्मापासून ऐकतोय, त्यामुळे त्यातली खोट कान लगेच पकडतो. निवेदक मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटला तर बास फुगलेला आहे. स आणि श कानाला टोचले तर वरचा भाग मुद्दाम चढवलाय.

मग तबला, आणि त्यातही डग्गा. ही माझी सगळ्यात आवडती परीक्षा. डग्ग्यावर मनगट सरकवलं की घुमारा एका सुरावरून दुसऱ्या सुरावर चढत जातो. चांगल्या यंत्रात ती चढण ऐकू येते. स्वस्त यंत्रात प्रत्येक ठोका एकाच सुरात ढप्प, ढप्प वाजतो. त्याचं कारण असं की, छोट्या स्पीकरला खालचे सूर काढायला फार हवा ढकलावी लागते. सूर एक सप्तक खाली न्यायचा तर तेवढ्याच आवाजासाठी स्पीकरचा पडदा चौपट हलावा लागतो. तीन-चार इंची पडद्याला ते झेपत नाही. मग कंपनी खोक्याला एक भोक ठेवून एका ठरावीक सुरापाशी तो घुमवते. बास दणदणीत वाटतो, पण असतो एकच सूर. ज्या छोट्या स्पीकरमध्ये बास कमी पण खरा आहे, तो घरात जास्त दिवस टिकतो, असं माझं मत. डीजे लावायचा असेल तर गोष्ट वेगळी.

तानपुरा असलेलं काहीतरी ऐकलं तर वरच्या सुरांचा अंदाज येतो. जवारीची ती बारीक झणझण मोकळी ऐकू यायला हवी, पत्र्यावर वाळू पडल्यासारखी नाही.

शेवटी आवाज अगदी कमी करा, रात्री अकरा वाजता ठेवाल तेवढा. शब्द तरीही कळले पाहिजेत. मग पाऊण पट्टीपर्यंत वाढवा आणि आवाज कुठे चिरकतो ते बघा. कागदावर २० वॉट लिहिलेलं असलं तरी ते १० टक्के विकृती धरून मोजलेलं असू शकतं. १ टक्का धरला तर तोच आकडा खाली येतो.

आणि हो, ज्याच्यासाठी घ्यायचाय त्याला सोबत न्या. वय वाढतं तसे वरचे सूर आधी ऐकू येईनासे होतात, आणि व्यंजनं तर त्या सुरांवरच कळतात. तिशीतल्या मुलाला गोड वाटलेलं यंत्र सत्तरीतल्या आईला पुटपुटल्यासारखं वाटू शकतं. आमची खरी चूक हीच होती. सरप्राईज द्यायच्या नादात बाबांना नेलंच नव्हतं.

राहिलं घर. आमचे दोन्ही स्पीकर शोकेसच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटून, गुडघ्याच्या उंचीवर होते. कोपऱ्यात बास फुगतो, हे तिथे नीट अनुभवलं. ते भिंतीपासून हातभर पुढे घेतले, बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे स्टुलांवर ठेवले आणि बाबांच्या खुर्चीशी त्रिकोण होईल इतके एकमेकांपासून लांब केले. बास बूस्ट बंद केलं. फरशी आणि उघड्या भिंतींमुळे हॉल घुमतो, म्हणून सतरंजी अंथरली.

तरी काहीतरी चुकत होतं. जुनी गाणी मोनो असतात, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत एकच आवाज येतो. अशा वेळी समोर बसल्यावर गायक बरोबर मधोमध उभा असल्यासारखा वाटायला हवा. आमच्याकडे तो कुठेच नव्हता, घरभर पसरला होता. मागे वाकून बघितलं तर एका स्पीकरची लाल आणि काळी वायर उलटी लागलेली. अशाने एक पडदा पुढे जातो तेव्हा दुसरा मागे, आणि दोघांचा बास एकमेकांना खाऊन टाकतो. म्हणजे एकीकडे कोपरा बास फुगवत होता, दुसरीकडे वायर तो खात होती. उरलेल्या गोंधळात शब्द हरवले होते.

वायर सरळ केली. बाबा आता रोज सकाळी त्याच्यावर गाणी लावतात आणि शब्द कळतात. डग्गा मात्र अजून ढप्पच वाजतो.