उपभोगसंस्कृती, निसर्ग आणि दृश्यकला : बुचांची साडी व वारली भिंत

प्रस्तावना :
वस्तूचा उगम आणि शेवट ग्राहकाच्या नजरेआड ठेवणे, हे उपभोगसंस्कृतीचे प्रमुख लक्षण होय. वस्तू तयार होताना किती पाणी, हवा व जमीन खर्ची पडली, हे वेष्टनावरून कळत नाही. टाकून दिल्यावर ती कोठे जाते, हे कोणी विचारत नाही. निसर्गाची हानी मात्र याच दोन टोकांना होते. या अनुषंगाने मुंबईच्या बहुमाध्यमी कलावंत शर्मिला सामंत यांची एक कलाकृती आणि पालघर परिसरातील वारली चित्रकला यांचा येथे विचार केला आहे.

बुचांची साडी :
सामंत यांनी १९९९ मध्ये कोका-कोलाच्या बाटल्यांची टाकाऊ पत्र्याची बुचे एकमेकांत गुंफून साडी घडविली. साडी ही हातमागाच्या परंपरेची खूण, तर बूच हे क्षणभराच्या उपभोगाचे अवशेष. दुरून ही साडी आकर्षक वाटते. जवळ जाताच ती कचऱ्याची आहे हे ध्यानी येते. वस्तूचा दडलेला शेवट प्रेक्षकासमोर आणणे, हेच या कलाकृतीचे मर्म होय.

वारली भिंत :
लग्नप्रसंगी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखला जाणारा चौक शेतातून येतो व मातीतच मिसळतो. त्याचा कचरा होत नाही. १९७० च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या चित्रकारांमुळे ही कला कागदावर आली आणि जगभर पोहोचली. २०१० मध्ये कोका-कोलाने दिवाळीच्या जाहिरातीसाठी वारली शैलीचाच आधार घेतला. बाजारपेठेने आदिवासी कलावंतांना उत्पन्न व नाव दिले, हे नाकारता येत नाही. परंतु निसर्गाशी सहजीवन सांगणारी रेषा येथे विक्रीचे साधन झाली, हेही तितकेच खरे.

बोईसर-तारापूरचा संदर्भ :
उगमाचे टोक याच जिल्ह्यात आहे. तारापूर औद्योगिक क्षेत्रात रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे उत्पादन होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात हे क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले. येथील माल दूरच्या बाजारात जातो. सांडपाण्याचा भार मात्र स्थानिक खाडी, मासेमार व शेतकरी यांच्यावर पडतो.

समारोप :
सामंत यांची साडी उपभोगाचा शेवट दाखविते, तारापूर त्याचा उगम दाखविते आणि वारली चौक उगम व शेवट एकाच मातीत असलेल्या जीवनपद्धतीची आठवण देतो. परिसरातील महाविद्यालयांनी कला, रसायनशास्त्र व समाजशास्त्र या विषयांच्या संयुक्त प्रकल्पांतून हा संबंध विद्यार्थ्यांपुढे ठेवल्यास पर्यावरण हा विषय केवळ परीक्षेपुरता राहणार नाही.