पानाचा फोटो वाचता येत नाही



आपल्यापैकी अनेकांनी वसतिगृहातील मुलांसाठी स्मार्टफोन दिले, काहींनी रिचार्जचा भार उचलला. त्यावर मुले अभ्यास करतात. पण दृष्टिहीन मुलाच्या हातात तोच फोन पुष्कळदा मुका होतो. असे का होते, ते सांगतो.

दृष्टिहीन मूल फोन कानाने वापरते. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते. पडद्यावर बोट फिरवाल तेथील मजकूर फोन वाचून दाखवतो, मराठीसुद्धा. संगणकासाठी एनव्हीडीए हा प्रोग्राम फुकट मिळतो. म्हणजे अडचण यंत्राची नाही, आपण पाठवतो त्या मजकुराची आहे. शिक्षक पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतात. आपल्याला त्यात अक्षरे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते डोंगराच्या फोटोसारखेच एक चित्र असते. नुसत्या स्कॅनची पीडीएफ असली तरी तेच. चित्रातली अक्षरे ओळखणारी ॲप आहेत, पण ती जोडाक्षरांत आणि कोष्टकांत चुकतात. चूक झाली आहे हे त्या मुलाने कशावरून ओळखावे?

मराठीची आणखी एक खोड आहे, ती जुन्या फाँटची. कृतिदेव फाँटमध्ये टाइप केलेला ‘भारत’ हा शब्द पडद्यावर नीट दिसतो, पण त्याच्या पोटात एच, के, के, जे, आर ही इंग्रजी अक्षरे असतात. यंत्र तीच वाचते. मुलाच्या कानावर इतिहासाचा धडा नव्हे, निव्वळ खडखडाट पडतो. युनिकोडमध्ये टाइप केले की हा प्रश्न उरत नाही. मजकूर कसा आहे हे तपासायचे तर त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपच्या संदेशात चिकटवा. मराठी उमटली तर ठीक. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटला तर फाँट जुना. काहीच निवडता आले नाही तर ते बहुधा चित्रच.

‘खालील आकृती पाहा’ या वाक्यापाशी मात्र युनिकोडही हात टेकते. तेथे दोन ओळींचे वर्णन लागते, आणि तेही धड्याला हवे तेवढेच. महाराष्ट्राच्या नकाशाखाली ‘नकाशा’ एवढे लिहून भागत नाही. ‘सातपुडा उत्तर सीमेवर, सह्याद्री पश्चिमेला किनाऱ्याला समांतर’ असे लिहिले तर मूल उत्तर देऊ शकते. रंगांचे कौतुक नको.

पाड्यांवरच्या मुलांना याचा आणखी एक फायदा आहे. पानभर टाइप केलेला मजकूर काही किलोबाइटचा असतो, तर फोटो त्याच्या कितीतरी पट जड. टेकडीवर चढून दोन मिनिटे रेंज मिळते तेथे मजकूर उतरतो, फोटो अडकतो.

कर्णबधिर मुलांची गरज वेगळी. व्हिडिओखाली मराठी ओळी दिल्या म्हणजे काम झाले, असे आपण समजतो. घरी भिली किंवा पावरी बोलली जाते, त्या मुलाला पुस्तकी मराठी मुळात परकी. त्यात ऐकू येत नसेल तर धावत्या ओळी निसटून जातात. सोपी वाक्ये, थांबवून पाहता येईल असा वेग आणि शक्य तेथे भारतीय सांकेतिक भाषा हवी.

ही कोणाची मेहेरबानी नाही, हेही सांगायला हवे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के, दिव्यांगत्व असलेल्या मुलांना १८ वर्षांपर्यंत पुस्तके आणि साधने मोफत देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. दिव्यांगांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक नफा न घेता बदलून देण्याची मुभा कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून आहे. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात अशी पुस्तके मिळतात, पण शिक्षकांच्या रोजच्या टिपणांना तेथे जागा कोठून असणार?

ती टिपणे आपणच टाइप करायची आहेत. आपल्या मंडळीतील ज्यांना मराठी टायपिंग येते, त्यांनी आठवड्याला दोन पाने जरी घेतली तरी चालेल. पाठवण्यापूर्वी टॉकबॅक सुरू करून, पडद्याकडे न पाहता, ती एकदा ऐका.