थरांच्या यादीतील नावे आणि देवनागरी

फोटोशॉपसारख्या चित्ररचनेच्या प्रणालीत मजकूर, चित्रे व पार्श्वभूमी ही स्वतंत्र थरांवर ठेवलेली असतात आणि पडद्याच्या कडेस त्या थरांची यादी दिसते. मजकुराच्या थरास वेगळे नाव दिले नाही, तर मजकुराचे आरंभीचे शब्दच त्याचे नाव होतात. ही सोय उत्तम खरी. परंतु मराठी मजकुराच्या बाबतीत ती पुष्कळदा निरुपयोगी ठरते.

याचे कारण लिपीच्या संकेतनात आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकचे टंक यांवर मराठी मुद्रणाची एक पिढी पोसली गेली. या जुन्या टंकांत रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी देवनागरी अक्षरांच्या आकृती, कधी आकृतींचे तुकडे, बसविलेले असत. म्हणजे साठविला जाई तो वर्ण नव्हे, त्याच्या आकृतीचा क्रमांक. चित्रात तो टंक लागू असल्याने शुद्ध मराठी दिसते. यादी मात्र प्रणालीच्या स्वतःच्या टंकात छापली जाते, आणि तेथे रोमन अक्षरांचा व विरामचिन्हांचा अर्थहीन घोळ उमटतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पण फोटोशॉपला जोडाक्षरे नीट जुळविता येऊ लागली ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. तोवर जुने टंक सोडणे मुद्रकास परवडणारे नव्हते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

तीस थरांच्या लग्नपत्रिकेत ऐनवेळी मुहूर्त बदलला, तर एकेक थर झाकून-उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नसते. चुकीचा थर उघडा राहिला, की जुनाच मुहूर्त छापून घरोघर जातो. यावर उपाय अवघड नाही: थराचा टंक जुना असेल तर यादीतील नावही त्याच टंकात दाखवावे. तोपर्यंत नाव हाताने युनिकोडमध्ये लिहावे, हेच इष्ट.

युनिकोडनेही सर्व प्रश्न मिटत नाहीत. ‘कऱ्हा’ हे नदीचे नाव तीन प्रकारे टंकित होऊ शकते: ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांनी. डोळ्यांना तिन्ही एकच. युनिकोडचे प्रमाणीकरण पहिल्या दोहोंस एक मानते, तिसऱ्यास नाही. त्यामुळे नकाशाच्या थरांत ‘कऱ्हा’ शोधणाऱ्यास ती समोर असूनही सापडत नाही. येथे मराठीसाठी स्वतंत्र नियमच हवा, आणि तो लिहिण्याचे काम प्रणालीकारांपेक्षा आपल्यासारख्यांचे अधिक आहे.

लांब नावे शेवटाकडून छाटण्याची रीतही तपासावी. ‘मुखपृष्ठावरील शीर्षकाची सावली’ यातील मुख्य नाम अखेरीस येते, आणि छाटले जाते ते नेमके तेच.