बोटे गेल्यावर नोकरी राहते का?

अपंगांच्या नोकरीची चर्चा बहुधा आरक्षणापाशीच थांबते: १९९५च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के, २०१६च्या कायद्याने ४. माझ्या मते १९९५चे कलम ४७ अधिक मोलाचे. नोकरीत असताना अपंगत्व आले तर माणसाला काढायचे नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यायचे. पाय गमावलेल्या कुणाल सिंग या शिपायाला सर्वोच्च न्यायालयाने २००३मध्ये याच आधारे न्याय दिला.

हे संरक्षण नव्या कायद्याच्या कलम २०मध्ये आले, पण तेही सरकारी आस्थापनांपुरतेच. कसबा बावड्यातून शिरोलीच्या फौंड्रीत जाणाऱ्याची बोटे यंत्रात गेली तर? भरपाईचा हक्क आहे. खासगी मालकाने समान संधीचे धोरण जाहीर करावे, असे हा कायदा सांगतो. त्या कामगाराला दुसऱ्या कामावर ठेवून घ्यावे, असे सांगत नाही.