परिपाठाला हात जोडायचे का? झेडपी शाळेतल्या ख्रिस्ती शिक्षकाची गोष्ट

हे मागच्या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे कसंय ना’ बहुतेक सगळे काढलेत, एखादा राहिला असेल तर चालवून घ्या.

मुखेडकडच्या एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला होता. डी.एड. झालंय, टीईटी पास आहेत, पवित्र पोर्टलवर नंबर लागायची वाट बघतायत. (सरकारी वेबसाइटला ‘पवित्र’ नाव देणाऱ्याला मला एकदा भेटायचंय. मी रोज सॉफ्टवेअर लिहितो, पवित्र म्हणावं असं अजून हातून काही उतरलं नाही.) ताई ख्रिस्ती आहेत. त्यांचे तीन प्रश्न होते. परिपाठाला सगळ्यांबरोबर हात जोडायचे का? दसऱ्याच्या पाटीपूजनाला काय करायचं? आणि लेकरांनी विचारलं, ‘मॅडम, तुम्ही कोणत्या देवाचं करता?’ तर खरं सांगायचं का?

हा माझ्या घरातलाच विषय आहे. आम्ही ख्रिस्ती, आणि माझी आई नांदेड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. त्यामुळे यातलं निम्मं मी जेवणाच्या ताटावर ऐकलंय आणि निम्मं वाचलंय.

आधी आपण किती आहोत ते बघू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक साधारण १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही. त्यातले बरेच मुंबई, वसई, पुणे, नगर या भागातले. नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्ह्यांत अर्धा टक्काही भरत नाहीत. कॅथलिक चर्चने १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत केला, तेव्हा अख्खा मराठवाडा त्या एका धर्मप्रांतात बसला, यावरून अंदाज घ्या. म्हणून खेड्यातल्या शाळेवर एखादी ख्रिस्ती बाई लागली तर बहुतेक वेळा त्या गावातली ती एकटीच. लेकरांनी आयुष्यात पाहिलेला पहिला ख्रिस्ती माणूस म्हणजे त्यांच्या बाई.

आता कायदा. इथं व्हॉट्सॲपवर फार गोंधळ चालतो, म्हणून थोडं सावकाश.

संविधानाचं कलम २८ शाळेशाळेत फरक करतं. जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, तिथं धार्मिक शिक्षण देता येत नाही, कोणत्याच धर्माचं. जिल्हा परिषदेची शाळा यात येते. दुसरा प्रकार, सरकारने मान्यता दिलेल्या किंवा अनुदान घेणाऱ्या संस्थांच्या शाळा. तिथं धार्मिक शिक्षण किंवा उपासना असू शकते, पण कुणालाही त्यात बळजबरीने बसवता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. (ट्रस्टने स्थापन केलेल्या आणि सरकार चालवत असलेल्या शाळांसाठी एक अपवाद आहे, तो आपल्याकडे क्वचितच कामी येतो.) मिशनच्या शाळेत सकाळी बायबल वाचलं जातं आणि झेडपीत वाचता येत नाही, त्याचं कारण हे.

पण ‘धार्मिक शिक्षण नाही’ म्हणजे ‘धर्माचं नावही नाही’ असं नव्हे. अरुणा रॉय खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा फरक केला. एखाद्या धर्माची दीक्षा दिल्यासारखं शिकवणं वेगळं आणि वेगवेगळ्या धर्मांबद्दल माहिती देणं वेगळं. संत तुकाराम, गुरू गोविंदसिंग, पैगंबर, येशू हे सगळे वर्गात येऊ शकतात. आणि नांदेडमध्ये राहून गुरू गोविंदसिंगांचं नाव न घेता इतिहास कसा शिकवणार?

हे झालं शाळेचं. शिक्षक म्हणून तुमचं काय? कलम २५ प्रत्येकाला आपला धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा अधिकार देतं. कलम १६ सांगतं की सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करता येणार नाही. तेव्हा ताई, तुम्ही ख्रिस्ती आहात हे लपवायची कायद्याने काहीही गरज नाही. गळ्यात क्रूस घातला म्हणून कुणी वर्गाबाहेर काढू शकत नाही. मात्र साडेदहा ते पाच तुम्ही वर्गात उभ्या असता तेव्हा तुमच्या तोंडून सरकार बोलत असतं. प्रसाराचा हक्क त्या दारापाशी थांबतो. आणि १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेही म्हटलंय की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही.

आता परिपाठ. ज्यांनी मराठी शाळा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सकाळी पटांगणात ओळी, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका यांत बहुसंख्य ख्रिश्चनांना काहीच अडचण नसते. उद्देशिका म्हणताना तर माझी आई बाकीच्यांपेक्षा मोठ्या आवाजात असते. अडचण आलीच तर प्रार्थनेपाशी येते, आणि तीही कोणती प्रार्थना आहे यावर. साने गुरुजींची प्रार्थना असेल तर आमच्या मंडळीतले लोक ती आपल्या उपासनेतही म्हणतील, इतकी ती जवळची वाटते. एखाद्या देवतेचं नाव घेऊन स्तुती असेल तर मात्र काहींना अवघड जातं.

यावर आपल्याच राज्यातला निकाल आहे. नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत एक शिक्षक प्रार्थनेच्या वेळी उभे राहायचे, पण हात जोडायचे नाहीत. संस्थेने ती बेशिस्त ठरवली आणि त्यांच्या वेतनश्रेणीचा लाभ अडवला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. २०१३ साली न्यायालयाने सांगितलं की शिक्षकाला प्रार्थनेत हात जोडायची सक्ती करता येणार नाही, ती मूलभूत हक्कांच्या विरोधात आहे. त्याआधी १९८६ चा केरळचा निकाल आहे. यहोवाचे साक्षीदार पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला शांतपणे उभी राहायची, पण गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. ती माणसं आदराने उभी होती, दुसऱ्याला अडवत नव्हती.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर सोपं आहे. हात जोडणं तुमच्या मनावर. पण दोनशिक्षकी शाळेत कायदा खिशात असून फार भागत नाही. मुख्याध्यापक, तुम्ही आणि गाव, एवढंच जग असतं. शाळा व्यवस्थापन समितीत गावचीच माणसं. केंद्रप्रमुखापर्यंत ‘बाई हात जोडत नाहीत’ एवढंच पोचतं, का जोडत नाहीत ते पोचत नाही. म्हणून माझं मत असं की रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच मुख्याध्यापकांशी स्वतःहून बोलावं. पाटीपूजनाला रांगोळी मी काढते, लेकरांची रांग मी लावते, वह्या-पाट्या मी मांडते, पूजा तेवढी सरांनी करावी. माझ्या आईने असंच केलं आणि तिच्या शाळेत ते निभलं. सगळीकडे निभतंच असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या तालुक्यात तिच्या ओळखीच्या एका बाईंना यावरून दोन वर्षं टोमणे खावे लागले. शेवटी त्यांनी बदली मागितली.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. त्यासाठी जरा मागे, पंडिता रमाबाईंकडे जाऊ.

रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी, आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. त्या स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या, पैसा अमेरिकेतून येत होता, पण संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असा शब्द होता. मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. रानडे आणि भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळात होती. अडचण कुठून आली? रमाबाई स्वतःची प्रार्थना आपल्या खोलीत करायच्या, पण दार उघडं ठेवून. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही आणि कुणाला हाकलणारही नाही. ‘केसरी’तून टीका पेटली, १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतलं आणि पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, ते मात्र उघडपणे ख्रिस्ती.

या प्रकरणावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. आई म्हणते रमाबाईंचं बरोबर होतं, स्वतःच्या खोलीत दार लावून चोरासारखी प्रार्थना का करायची? मला रमाबाईंबद्दल प्रचंड आदर आहे. पण मला त्या मुली दिसतात. केस कापलेली बारा-पंधरा वर्षांची विधवा मुलगी, जिला घराने टाकलं आणि या बाईंनी पोटाशी धरलं. ती त्या उघड्या दारातून आत जाते, तेव्हा त्यात तिची स्वतःची इच्छा किती आणि उपकाराचं ओझं किती? मोजायचं कसं? रमाबाईंच्या मनात कपट नव्हतं, यात मला शंका नाही. पण शिक्षकाच्या हातात जे वजन असतं ते त्याने वापरायचं नाही म्हटलं तरी वापरलं जातं. दुसरीतलं लेकरू बाईंना ‘नाही’ म्हणू शकत नाही. बाईंनी लाल पेन वापरला तर त्याला लाल पेन हवा असतो.

म्हणून झेडपीच्या वर्गात मी दार ओढून घ्यायच्या बाजूचा आहे. आणि याला ख्रिस्ती आधार नाही असंही नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशू प्रार्थना खोलीत, दार लावून करायला सांगतो, लोकांना दिसावी म्हणून चौकात करू नका म्हणतो. पेत्राच्या पत्रात, कुणी तुमच्या आशेचं कारण विचारलं तर उत्तर द्या, पण सौम्यपणे, असं आहे. दोन्ही एकत्र वाचा. न विचारता सांगू नका, विचारलं तर खोटं बोलू नका.

तेव्हा लेकराने विचारलं, ‘बाई, तुम्ही कुंकू का लावत नाही?’ तर ‘आमच्यात लावत नाहीत, आम्ही ख्रिस्ती आहोत, नाताळ आमचा सण’ एवढं खरं आणि पुरेसं. पुढे गणिताचं पुस्तक उघडायचं. वर्गात पत्रकं, रविवारी चर्चला येण्याचं आमंत्रण, आजारी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना, हे नाही. आई लेकरांसाठी प्रार्थना करते. हजेरीपटाच्या क्रमाने, रात्री, घरी. त्या लेकरांना हे माहीत नाही.

मग श्रद्धा जगायची कुठे? आमच्या भागात दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कंधार-मुखेडकडचे लोक कारखान्यांच्या भागात जातात, लेकरंही बरोबर. पट निम्म्यावर येतो. अशा वेळी घरोघर फिरून आजीला पटवणं, ‘लेकरू इथंच ठेवा, हंगामी वसतिगृह आहे, डबा मिळेल’ हे सांगणं, त्याची यादी आणि कागद करणं, यात आईचे कितीतरी आठवडे जातात. कुणी म्हणेल, हे तर कोणताही चांगला शिक्षक करतो. हो, करतो. शेजारच्या शाळेतले एक वारकरी सर आईपेक्षा जास्त करतात. त्यावर धर्माचा शिक्का नसतो आणि नसला तरी काही बिघडत नाही.

शेवटचा मुद्दा ताईंनी विचारला नव्हता, पण तो टाळून उठलो तर निम्मंच सांगितल्यासारखं होईल. जातीचा दाखला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून बाहेर आहेत. मराठवाड्यातली बरीच ख्रिस्ती कुटुंबं मूळची दलित. त्यामुळे कागदावर एक आणि घरात एक, असं कित्येकांचं चालतं, आणि त्याच कागदावर नोकरी लागलेली असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीतल्या एका बाईंचा दावा फेटाळला. बाप्तिस्मा झालेला, चर्चला जाणं चालू, आणि नोकरीसाठी हिंदू अनुसूचित जातीचा दाखला हवा, हे चालणार नाही, ही संविधानाची फसवणूक आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

मला स्वतःला १९५० ची ती अट अन्यायाची वाटते. धर्म बदलला म्हणून गावातली विहीर बदलत नाही. या प्रश्नासाठी २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोगही नेमला गेला. पण कायदा आज जसा आहे तसा आहे. राखीव जागेवरून अर्ज करत असाल तर रुजू व्हायच्या आधी, जात वैधतेचा कागद हातात घेऊन, एखाद्या वकिलाशी नीट बोलून घ्या. वर्गात हात जोडण्यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे, आणि मंडळीत यावर कुणी उघड बोलत नाही. पाळकसुद्धा विषय बदलतात.

रविवारच्या ड्युटीचं राहिलंच. निवडणुकीचं प्रशिक्षण, परीक्षेचं पर्यवेक्षण हे बऱ्याचदा रविवारी येतं. गुड फ्रायडे आणि नाताळची सुट्टी असते, पण रविवारची उपासना चुकते. आई संध्याकाळी घरीच शास्त्रपाठ वाचते आणि मला फोन स्पीकरवर ठेवायला लावते.

ताई, पोस्टिंगची ऑर्डर आली की कळवा, कोणतं गाव मिळालं ते. बाकीच्यांपैकी कुणी झेडपीत किंवा संस्थेच्या शाळेत असाल, कोणत्याही धर्माचे, तर परिपाठाचा तुमचा अनुभव व्हॉइस मेसेजने पाठवा. दोन मिनिटांच्या आत, प्लीज. मागच्या वेळी एका सरांनी सतरा मिनिटांचा पाठवला होता.